उपनगरातला मोहल्ला आणि त्याचा साधा दिवस

मराठी वाचकाला ‘उपनगर’ म्हटले की लोकल गाडी आठवते. दादरच्या पुढे सरकत ठाणे, डोंबिवली, कल्याणपर्यंत पोहोचलेली वस्ती, सकाळची ठरलेली गाडी, जेवणाचा डबा, ब्लॉक आणि त्याचे हप्ते. या जगण्याचे चित्रण मराठीत भरपूर झाले आहे आणि त्यातले बरेच चांगलेही आहे. पण उपनगर फक्त मुंबईलाच असते असे नाही. ते नांदेडला आहे, लातूरला आहे, परभणी-उदगीरलाही आहे. आणि मराठवाड्यातल्या या शहरांच्या कडेला जे लोक राहतात त्यांत आपण, म्हणजे मराठी बोलणारे-वाचणारे मुसलमान, मोठ्या संख्येने आहोत.

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सुमारे ७० टक्के मुसलमान शहरी भागात राहत होते. राज्याच्या एकूण लोकसंख्येत हेच प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे महाराष्ट्रातला मुसलमान इतरांच्या तुलनेत अधिक शहरवासी आहे. मात्र ‘शहरी’ या शब्दावरून बंगला आणि बाग डोळ्यांसमोर आणू नये. इथे शहरी म्हणजे बहुधा शहराच्या जुन्या गल्लीत दाटीवाटीने राहणारा, नाहीतर शहराच्या कडेला गुंठाभर जागा घेऊन घर बांधणारा.

माझा प्रश्न एवढाच आहे : या वस्तीचा साधा दिवस मराठी साहित्यात आणि कलेत कुठे आहे? साधा दिवस म्हणजे ज्या दिवशी दंगल नाही, संचारबंदी नाही, निवडणूक नाही, ईद नाही आणि कोणाचा तलाकही नाही. वर्षात असे दिवस साडेतीनशे तरी असतात. साहित्याने आठवणीत ठेवले ते उरलेले पंधरा.

नाक्यापलीकडे

नाका म्हणजे शहराची जुनी हद्द, जकात घेण्याची जागा. शहर हद्दीबाहेर गेले, जकात बंद झाली, नाव मात्र राहिले. नांदेडचा देगलूर नाका हे त्याचे चांगले उदाहरण. अशा नाक्यांच्या पलीकडची शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. व्यवहार स्टॅम्प पेपरवर झाले. आधी पत्र्याची एक खोली, मग विटांच्या दोन, मुलगा आखातात लागला तर वरचा मजला. घरे आधी आली. रस्ता, गटार आणि नळ नंतर, तेही अर्ज-विनंत्या करून. अशा वस्त्या महाराष्ट्रभर इतक्या वाढल्या की २००१ साली शासनाला गुंठेवारी विकासाचा कायदा करून त्या नियमित कराव्या लागल्या. याच नांदेडात सिडकोने आखून वसवलेले नवीन नांदेडही आहे. १९९७ साली नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली तेव्हा आखलेले आणि न आखलेले असे दोन्ही भाग एकाच कारभाराखाली आले.

लातूरची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मध्यभागी गंजगोलाई आहे, सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात ती. १९१७ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूची आखणी फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराची. गोलाच्या मध्यभागी जगदंबेचे मंदिर आहे आणि भोवती बाजार. लातूरकर रोज त्या गोलाला वळसा घालतो, पण आखणाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? त्या सोळा रस्त्यांनी बाहेर गेलात तर आज शिकवणीचे वर्ग, वसतिगृहे, भाड्याच्या खोल्या आणि त्यांच्याही पलीकडे नवी वस्ती लागते. औसा, निलंगा, उदगीरकडून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबे तिथे राहतात. त्यांत मुसलमान कुटुंबे आहेत. मुलगी बारावीला आहे म्हणून आई दोन वर्षे भाड्याच्या खोलीत, बाप गावाकडे दुकानावर. ‘लातूर पॅटर्न’वर पुष्कळ लिहिले गेले, बुरखा घालून वर्गाच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या या आईवर कथा लिहायची अजून राहिली आहे.

या वस्तीचा दिवस फजरच्या अजानने सुरू होतो, आणि लगेच बोअरच्या मोटारीचा आवाज. मुले आधी मकतबला, तिथून घरी येऊन चहा-पाव, मग शाळेला. एका रिक्षात दहा-बारा मुले. पुरुष गॅरेजवर, वेल्डिंगच्या दुकानात, शिलाईला, फळांच्या गाड्यावर, कोणी जिल्हा परिषदेत कारकून. दुपारी बायकांचे राज्य : पिको-फॉल, भिशीचा हिशेब, कोणाच्या मुलीला बघायला येणार आहेत त्याची चर्चा. संध्याकाळी पुन्हा शिकवणी. हे सगळे इतके ओळखीचे आहे की त्यात लिहिण्यासारखे काही आहे असे आपल्याला वाटतच नाही. अडचण इथूनच सुरू होते.

मराठीने हे काम केलेले आहे

साध्या दिवसात लिहिण्यासारखे असते हे मराठीला फार पूर्वी उमगले. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली आले. त्यात घडते काय? कोणी वजन उतरवण्यासाठी उपास करतो, कोणी गच्ची मोकळी करण्यासाठी आंदोलन करतो. पण त्या क्षुल्लक गोष्टींतून एक पूर्ण वर्ग उभा राहिला. त्या वर्गाला स्वतःवर हसता आले आणि चाळ गेल्यावर तिच्यासाठी हळहळताही आले. हसण्याची ही मुभा लहान गोष्ट नाही. ज्याचे रोजचे जगणे वाचकाच्या परिचयाचे झालेले असते, त्यालाच ती मिळते.

१९६५ मध्ये भाऊ पाध्ये यांचा ‘वासूनाका’ आला. नाक्यावर उभी राहणारी पोरे, त्यांची भाषा, त्यांचे रिकामपण. आचार्य अत्रे यांच्यासारख्या बड्या माणसाने त्यावर अश्लीलतेचा ठपका ठेवून झोड उठवली. पाध्यांनी नाक्यावरच्या पोरांना सुधारण्याचा वा धिक्कारण्याचा आव आणला नाही, ती जशी बोलत होती तशी बोलू दिली. साधा दिवस लिहायलाही धाडस लागते, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. त्यासाठी शिव्या बाहेरच्यांकडूनही मिळतात आणि घरच्यांकडूनही.

चित्रकलेत सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण घ्यावे. ते पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ. १९७५ पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात हा व्यवसाय केला आणि जोडीने चित्रे काढली. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१), ‘टाउन’ (१९८४), ‘उल्हासनगर’ (२००१) ही चित्रांची नावेच पाहा. हॉटेल, पूल, गाव, उपनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेले उल्हासनगर सहसा थट्टेचा विषय होते. पटवर्धनांनी त्याला मोठ्या चित्राच्या योग्यतेचे मानले. त्यांच्या चित्रांतली माणसे कोणाचे प्रतिनिधी म्हणून उभी केलेली नसतात. ती बसलेली, चाललेली, वाट पाहणारी असतात. मी ही चित्रे पुस्तकांतून आणि छापील प्रतींतून पाहिली आहेत, आणि दर वेळी मनात येते की असा एखादा चित्रकार देगलूर नाक्यावरच्या पुलाजवळ तीस वर्षे उभा राहिला असता तर!

चित्रपटातला एक दाखला तर फारच बोलका आहे. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातला माधव आपटे हा बँकेतला साधा माणूस एक दिवस भडकतो आणि कायदा हातात घेतो. पण भडकण्याआधी दिग्दर्शक आपल्याला त्याचा रोजचा दिनक्रम दाखवतो. तीच सकाळ, तीच गाडी, तेच ऑफिस, पुन्हा पुन्हा. त्यामुळे त्याचा स्फोट पटत नसला तरी समजतो. आता कोणत्याही हिंदी-मराठी चित्रपटातल्या मुसलमान तरुणाकडे पाहा. त्याचा स्फोट आधी दिसतो, दिनक्रम कधीच दिसत नाही. मग प्रेक्षकाने त्याला समजून कसे घ्यावे? अपवाद आहेत. सईद मिर्झा यांच्या ‘सलीम लंगडे पे मत रो’ने (१९८९) गुन्हेगारीकडे गेलेल्या पोराचेही घर दाखवले, बाप दाखवला, बहिणीच्या लग्नाची काळजी दाखवली. पण अपवाद बोटांवर मोजता येतात.

पाहुणा म्हणून आलेला मुसलमान

मराठी कथा-कादंबरीत मुसलमान येतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो येतो, पण पाहुणा म्हणून. ठरावीक कामे करतो आणि निघून जातो. गावचा इमानदार पठाण, खाटीक, अत्तरवाला, बँडवाला, सांगीवांगीतून प्रेमळ झालेला चाचा, शहरी कथेत गुंड किंवा दंगलीत शेजाऱ्याला वाचवणारा देवमाणूस. यांतली काही पात्रे मनापासून लिहिलेली आहेत, त्यांच्या लेखकांच्या हेतूबद्दल शंका नाही. तरी त्या चाचाला गुडघेदुखी आहे का, त्याचे सुनेशी पटते का, घरपट्टीची नोटीस आल्यावर तो कोणाकडे जातो, हे कथेला माहीत नसते. चांगुलपणाचा मुखवटाही शेवटी मुखवटाच.

मुसलमान स्त्रीच्या वाट्याला तर एकच दार आलेले आहे, ते म्हणजे कायद्याचे. राजन खान यांची ‘हलाला’ ही कादंबरी आणि तिच्यावर शिवाजी लोटन पाटील यांनी केलेला ‘हलाल’ (२०१७) हा चित्रपट यांनी मांडलेला प्रश्न खरा आहे, त्यातली वेदनाही खरी आहे. असे लेखन झालेच पाहिजे. आक्षेप त्या कृतींवर नाही, त्यांच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागेवर आहे. तलाक, हलाला, बुरखा या तीन शब्दांखेरीज मुसलमान बाई मराठी वाचकाला भेटतच नसेल, तर ती बाई राहत नाही, नुसता प्रश्न होऊन बसते. माझ्या ओळखीच्या शेकडो बायका या तीन शब्दांशी रोज झगडत नाहीत. त्या रोज झगडतात ते गॅसच्या टाकीशी, मुलाच्या फीशी, सासूच्या औषधाशी आणि उन्हाळ्यात पाण्याशी.

वर्तमानपत्रांची गोष्ट वेगळी काढायला नको. देगलूर नाक्याचे नाव जिल्हा आवृत्तीत कोणत्या पानावर येते, हे नांदेडच्या कोणत्याही वाचकाने महिनाभर मोजून पाहावे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडून मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबांची कथाही हीच. मुंब्रा बातमीत सतत असतो. तिथल्या जिन्यावर संध्याकाळी काय बोलणे चालते ते बातमीत येत नाही, यायचेही नाही. ते साहित्याचे काम आहे.

आपण काय लिहिले?

इथपर्यंत दोष दुसऱ्यांचा होता, म्हणून वाचकांना सोपे गेले असेल. आता आपल्याकडे पाहू. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदी मराठवाड्यात हयात घालवलेले डॉ. यू. म. पठाण होते. तो काळ असा होता की आपण आहोत, मराठीचे आहोत, हेच आधी मोठ्याने सांगावे लागत होते. त्यामुळे आपल्या कवितेत आणि लेखांत भूमिका आली, निवेदन आले, प्रतिवाद आला. पुढे १९९२ चा डिसेंबर आला, २००२ आले, तेव्हा तो सूर आणखी उंच झाला. हे स्वाभाविक होते आणि आवश्यकही. लातूरचे फ. म. शहाजिंदे असोत वा साखरखेर्ड्याचे अजीम नवाज राही, या कवींनी मराठी कवितेला जे दिले त्याचे मोल मोठे आहे. राहींच्या संग्रहाचे ‘व्यवहाराचा काळा घोडा’ हे नावच सांगते की रोजची देवघेव, हातावरचे पोट हा कवितेचा विषय होऊ शकतो.

पण त्यांच्यामागून आलेल्या आम्हा मंडळींचे काय झाले? भूमिका हीच सवय झाली. वार्षिकांतून आणि संमेलनांच्या स्मरणिकांतून येणाऱ्या कविता वाचल्या की दहातल्या सात कवितांत ‘मी या मातीचा आहे’ असे कोणाला तरी पटवून देणे चाललेले असते. समोर कोणी तरी न्यायाधीश बसला आहे आणि आपण साक्ष देत आहोत, असा सूर. कथांतही पात्रे एकमेकांशी बोलत नाहीत, वाचकाला सलोखा समजावून सांगतात. साक्ष देणारा माणूस स्वतःच्या घरातला तपशील सांगत नाही, बाजूचे तेवढे सांगतो. आपल्या लेखनातून साधा दिवस निसटला तो असा.

इथे हमीद दलवाई यांचा उल्लेख करावा लागेल. त्यांच्या राजकीय-सामाजिक मतांविषयी या वार्षिकाच्या वाचकांत एकमत नाही, होणारही नाही, आणि तो आजचा विषयही नाही. परंतु ‘लाट’ (१९६१) मधल्या कथा आणि ‘इंधन’ (१९६५) ही कादंबरी लिहिणाऱ्या दलवाईंकडे आपण कथाकार म्हणून किती पाहिले? कोकणातल्या मुसलमान घराची ओटी, तिथली भांडणे, शेजाऱ्यांशी असलेले गुंतागुंतीचे नाते, हे त्यांनी मराठीत आणले ते प्रचारासाठी नव्हे. समर्थकांनी त्यांना सुधारक करून टाकले, विरोधकांनी शत्रू. कथाकार मधल्या मध्ये राहून गेला. तसेच मेहरुन्निसा दलवाई यांच्या ‘मी भरून पावले आहे’ या आत्मकथनाचे. त्यातले घर, संसार, नोकरी, आजारपण वाचताना एक स्त्री आपल्याशी बोलते आहे असे वाटते. आपल्या आत्मकथनांनी धरावी अशी ही वाट आहे, मते कोणतीही असोत.

बोलीचा प्रश्न

साधा दिवस साध्या बोलीशिवाय लिहिता येत नाही. इथे आपली मोठी पंचाईत होते. नांदेड-लातूरचा मुसलमान घरात दखनी बोलतो, बाजारात मराठी, शाळेत उर्दू आणि कचेरीत जमेल तसे. मराठी कथेत मात्र तो एक तर लखनवी उर्दू बोलतो, बोलता बोलता शेर म्हणतो, नाहीतर विनोदी नाटकातले मोडके हिंदी बोलतो. दोन्ही खोटे.

आपली दखनी मराठीला परकी नाही. ‘नक्को’ हा शब्द मराठीतल्या ‘नको’चाच भाऊ. ‘मैंच’, ‘वोइच’ यांतला जोर देणारा ‘च’ मराठीतून आलेला आहे, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. “नळ आया, घागर लेको आ, बाता बाद में करेंगे” हे वाक्य कोणत्याही मराठी वाचकाला तळटीप न देता समजेल. मग ते लिहायला आपण का लाजतो? मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. तिथे मुलांना शुद्ध उर्दू शिकवणे हे माझे काम आहे आणि ते मी करते. पण शुद्ध भाषा शिकवणे वेगळे आणि घरची भाषा लिहिण्याच्या लायकीची नाही असे बिंबवणे वेगळे.

लातूर जिल्ह्यातल्या काटगावच्या रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’ (१९७१) ही कादंबरी लिहिली तेव्हा अख्खी गोष्ट गावातल्या शिंप्याच्या बायकोच्या तोंडी, तिच्या मराठवाडी बोलीत सांगितली. पारबती शहाण्या भाषेत बोलत नाही, म्हणूनच ती खरी वाटते. एका शिंप्याच्या बायकोला हा मान मिळाला. नाक्यापलीकडच्या शिलाईवाल्याच्या बायकोला तो मिळायला कोणाची हरकत आहे? मराठीत निवेदन आणि दखनीत संवाद, किंवा दोन्ही मिसळलेले निवेदनसुद्धा, मराठी वाचक नक्की स्वीकारील. ग्रामीण आणि दलित साहित्याने त्याचा कान तयार करून ठेवला आहे.

दखनीला आपण एकच जागा मोकळी ठेवली आहे, विनोदाची. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब यांच्या दखनी कविता मुशायऱ्यात लोकांना हसवत. सासू-सून, मुलगी पाहणे, हुंडा हे त्यांचे विषय. पण नीट ऐकले तर हसता हसता गळा दाटून येतो. ‘अंग्रेज’ (२००५) हा हैदराबादी चित्रपट आपल्या पोरांना तोंडपाठ आहे, त्यातही दखनी म्हणजे हशा. याच भाषेत विजापूरच्या सूफींनी चक्कीनामे आणि चरखानामे रचले होते, बायकांनी जाते ओढताना, सूत कातताना म्हणण्यासाठी. जात्याच्या दांड्यावरून, चरख्याच्या चाकावरून त्यांनी ईश्वरापर्यंतचा रस्ता दाखवला. ज्या भाषेने सतराव्या शतकात जाते आणि चरखा काव्यात आणला, त्या भाषेने एकविसाव्या शतकात शिलाई मशीन आणायला संकोचू नये.

उर्दूकडूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पनवेलचे सलाम बिन रज्जाक मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते. २०२४ साली ते गेले. त्यांच्या उर्दू कथांत निम्न मध्यमवर्गीय माणूस त्याच्या साऱ्या भित्रेपणासह येतो. त्यांनी मराठी कथाही उर्दूत नेल्या. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्यातले किती जण त्यांना वाचून मराठीत आणतात? दोन्ही भाषा येणारे आपण पूल व्हायला हवे, आणि आपण दोन्ही काठांवर पाहुणे होऊन बसलो आहोत.

मालेगावचे दोन चेहरे

महाराष्ट्रात एका गावाने हे काम करून दाखवले आहे, तेही साहित्याच्या वाटेने न जाता. २००६ आणि २००८ या दोन्ही सप्टेंबर महिन्यांत मालेगावात बॉम्बस्फोट झाले आणि देशाला मालेगाव ठाऊक झाले ते त्या स्फोटांमुळे. पण त्याच गावात शेख नासीर आणि त्यांच्या साथीदारांनी त्याआधीच ‘मालेगाव के शोले’ काढला होता. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला, आणि तो तयार होताना फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट केला.

या माहितीपटात काय आहे? पॉवरलूमवर राबणारा सडपातळ शफीक शेख सुपरमॅन होतो. त्याच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबते. तो लढतो ते परग्रहावरच्या शत्रूशी नव्हे, गुटखा-तंबाखूच्या धंद्याशी. क्रेन नाही म्हणून बैलगाडी, ट्रॉली नाही म्हणून सायकल. आपण पोट धरून हसतो. आणि हसता हसता लूमचा आवाज, जाणारी वीज, अरुंद गल्ली, दिवसाची मजुरी आणि स्वप्न या सगळ्यांची ओळख होते. शफीक २०११ साली कर्करोगाने गेला, हे कळल्यावर घरचे कोणी गेल्यासारखे वाटते. स्फोटांच्या हजार बातम्या वाचून मालेगावच्या कोणाविषयी असे वाटले होते का? २०२५ मध्ये या मित्रांवर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा मोठा हिंदी चित्रपटही आला. गावाने आपला साधा दिवस आधी स्वतः टिपला, म्हणून बाहेरच्यांना तो पाहावासा वाटला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

वहीतली नदी

साधा दिवस नसण्याचा तोटा सर्वात आधी मुलांना होतो. मी सातवीच्या वर्गाला मराठीत ‘माझी वस्ती’ हा निबंध दिला होता. चाळीसांतल्या तीसेक वह्यांत झुळझुळ वाहणारी नदी, हिरवी शेते आणि मंदिराची घंटा निघाली. मार्गदर्शकातले गाव. उर्दूत हाच विषय दिला तर बागेतले बुलबुल येतात. ज्या मुलीच्या घरासमोर उघडे गटार आहे, तिच्या वहीत ते गटार नाही. ज्या मुलाचा बाप टायर पंक्चर काढतो, त्याच्या वहीत टायर नाही. मुले खोटे बोलत नव्हती. लिहिण्याची वस्ती वेगळी असते आणि राहण्याची वेगळी, असे त्यांनी आमच्याकडूनच शिकले होते. एका मुलीने मात्र गल्लीतल्या हातपंपाभोवतीची भांडणे लिहिली होती आणि शेवटी कंसात लिहिले होते, “बाजी, हे चालेल का?”

हाच प्रश्न आमचे लेखकही मनात विचारत असतात. संपादकांना चालेल का, बिरादरीला चालेल का, ‘त्यांना’ चालेल का.

म्हणून एक उदाहरण घेऊन पाहू. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. गाडीची छायाचित्रे देशभर छापून आली. बातमी तिथे संपली, कथा तिथून सुरू होते. कडेच्या वस्तीत टँकर किती दिवसांनी येत होता? रांगेत कोणाची घागर पुढे सरकली आणि कोणाशी बोलणे कायमचे तुटले? वजूला किती पाणी घ्यायचे यावर घरात सासरा काय म्हणाला? वरच्या गल्लीतल्या देशमुखांच्या बोअरवर खालच्या गल्लीतल्या शेखांच्या पोरी रात्री अकराला कशा जात होत्या, आणि बोअर आटल्यावर दोन्ही घरे कोणाच्या दारी गेली? यात हिंदू-मुस्लिम संबंध आपोआप येतात, सलोख्याचे भाषण न करता. चांगुलपणा येतो आणि कोतेपणाही, दोन्ही बाजूंचा.

दोन आक्षेप

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, समाज अडचणीत असताना नळ-गटाराच्या कथा लिहिणे ही चैन आहे. आधी उत्तर दिले पाहिजे. उत्तर जरूर द्यावे. लेख आहेत, भाषणे आहेत, न्यायालये आहेत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आपली परिस्थिती आकड्यांत मांडली, ते उत्तरच होते. पण आकडे वाचून कोणी शेजारी होत नाही. ज्याच्या घरातली चूल आपण पुस्तकात पाहिली आहे, त्याच्याविषयी अफवा ऐकताना माणूस क्षणभर तरी थांबतो. तो क्षण फार मोलाचा असतो.

दुसरा आक्षेप घरचा आहे. मोहल्ल्यातले भांडण, घाण, हुंडा, मुलीचे अर्धवट सुटलेले शिक्षण लिहिले तर बाहेरचे हसतील, आपलीच बदनामी होईल. ही भीती मला समजते, कारण आमच्याविषयी वाईट ऐकायला टपलेले लोक खरोखरच आहेत. परंतु आपण लिहिले नाही म्हणून ते थांबतात का? ते लिहितातच, आणि त्यांच्या लिहिण्यात माया नसते. आपल्या लेखकाने लिहिले तर गटारासोबत त्या गटारावर फळी टाकून म्हाताऱ्या खालाला हात देणारे पोरगेही येईल.

नरहर कुरुंदकर ज्या नांदेडात शिकवत होते आणि ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीचा हिशेब मांडत होते, त्या नांदेडात समीक्षेची परंपरा आहे. आज तिच्याकडून एवढेच मागायचे आहे की, मुस्लिम मराठी लेखकाला ‘तुमची भूमिका काय’ हे विचारण्याआधी ‘तुमच्या गल्लीत पाणी कधी येते’ हे विचारावे. आणि आपल्या वार्षिकांच्या संपादकांनी दर अंकात निदान एक कथा अशी छापावी की जिच्यात काहीही ‘घडत’ नाही. पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला देगलूर नाक्यावर किंवा लातूरच्या कडेच्या वस्तीत माणसे कशी राहत होती हे पाहायचे असेल, तर आजच्या घडीला त्याच्या हाती वर्तमानपत्रांची कात्रणे आणि पोलीस ठाण्यातल्या नोंदी लागतील. त्यात आपण सापडू, पण फिर्यादी, आरोपी किंवा जखमी म्हणून. चहा पिताना, मुलीची वेणी घालताना, भिशीच्या पैशांवरून रुसताना आपण कसे होतो, ते आपल्याशिवाय कोणी लिहून ठेवणार नाही.